खारपाणपट्ट्यातली बुडी

वऱ्हाडात समुद्र नाही, एवढा भूगोल मलाही येतो. मराठी सहावीपर्यंत शिकलोय मी. त्यामुळे आमच्या शेटजींनी गोदीवर बोलावून घेतलं आणि "भिकाजी, पोशाख घेऊन अकोल्याला जायचंय," असं म्हणाले, तेव्हा मला वाटलं, शेटजींना ऊन लागलं. गोदीत बुडालेले नांगर काढायचे, बोटींच्या बुडाला ठिगळं मारायची, हे माझं काम. अकोल्यात कापूस पिकतो. कापसात बुडी मारायला पाणबुड्या कशाला हवा?

पण तार खरी होती. बोरखेड नावाच्या गावाच्या तलावाचं दार अडकलंय, पाणी वाहून चाललंय, पाणबुड्या ताबडतोब पाठवा, असं त्या गावच्या पाटलांनी कळवलं होतं. मी तार चार वेळा वाचली. नऊ वर्षं समुद्राच्या बुडाशी चिखल चाचपत काढली होती, आणि आता मला कोणीतरी आगगाडीत बसवून, डोंगर चढवून, दोन दिवसांच्या वाटेवर पाण्यात उतरायला बोलावत होतं. इतकी मजा मला लग्नात आली नव्हती.

परत आल्यापासून गावी जाईन तिथं तीच चौकशी. खळ्यावर, होडीत, न्हाव्याकडेसुद्धा. म्हणून एकदाचं लिहून काढतो. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवावं, आणि मधे शंका विचारू नयेत.

सामानाच्या पाच पेट्या होत्या. एकीत तांब्याचा टोप, एकीत रबर लावलेला जाड कापडाचा पोशाख, एकीत शिशाची वजनं आणि शिशाच्या तळव्यांचे बूट, एकीत नळ्या नि दोर, आणि पाचवीत, सगळ्यांत जड, हवेचा पंप. बरोबर अंतूमामा. हा माझ्या आईचा सख्खा भाऊ. मी पाण्याखाली असतो तेव्हा वर माझी दोरी तो धरतो. तोंडाचा फाटका, पण हाताचा पक्का.

निघताना आईनं नेहमीसारखा देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलला आणि पाणी भरलेल्या तांब्यात ठेवला. मी कामावर निघालो की ती देव पाण्यात ठेवते, मी घरी आलो की बाहेर काढून पुसते. आमच्या आळीतल्या सगळ्याच आया ठेवतात. "वऱ्हाडात कुठे आलंय गो एवढं पाणी?" असं मी म्हटलं, तर तिनं लक्षच दिलं नाही.

अकोला

अकोल्याला सकाळी उतरलो आणि चुलीत तोंड घातल्यासारखं झालं. वैशाख होता. आमच्याकडे उन्हाळ्यात घाम येतो. इथं तो यायच्या आत वाळतो. फलाटावरची माणसं डोक्याला, कानाला, तोंडाला फडकी गुंडाळून फिरत होती, फक्त डोळे उघडे. मामा म्हणाला, "बघ रे भिकू, सगळं गावच टोप घालून बसलंय."

पेट्या मोजल्या तर चारच. पंपाची पेटी उतरवायची राहिली होती आणि गाडी तर मूर्तिजापूरच्या दिशेनं धूर सोडत गेलेली. मामानं रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. स्टेशनमास्तर शांतपणे म्हणाले, "बडनेऱ्याला तार करतो. तिथं उतरवून घेतील. तुम्ही जाऊन घेऊन या."

आम्हाला न्यायला बोरखेडहून बंडी, म्हणजे बैलगाडी, आली होती आणि बंडीबरोबर किसनराव. साठीचे असतील. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशा, हाताचे तळवे कासवाच्या पाठीसारखे. मी टोपाची पेटी जरा उघडून दाखवली. त्यांनी तांब्यावर बोटानं टिचकी मारली, काचेतून आत पाहिलं.

"हे डोक्शात घालून मानूस जित्ता रायते काय जी?"

"मी राहिलोय की," मी म्हटलं.

"खाली सारं दिसते काय तुमाले? का चाचपून पाहा लागते?"

"पाणी गढूळ असेल तर चाचपूनच."

"मंग बरं हाये," असं काहीतरी पुटपुटून ते बैलांकडे वळले. मला वाटलं, म्हातारा माझीच काळजी करतोय. ठरलं असं, की मामानं चार पेट्या घेऊन किसनरावांबरोबर बोरखेडला पुढं जायचं, मी पंप घेऊन मागून यायचं.

बडनेरा आणि अमरावती

बडनेऱ्याच्या पार्सलबाबूंनी पेटी उघडून पाहिली होती. त्यांचं मत पडलं, की हे उसाचा रस काढायचं यंत्र आहे, आणि चाकांना चरक दिसत नाही म्हणजे माल अर्धवट आलाय. ही पेटी त्यांनी भर उन्हात फलाटावर ठेवली होती, आदला अख्खा दिवस. मी घाईनं दांडा फिरवून पाहिला. एरवी पंप श्वास टाकल्यासारखा सूं सूं करतो. आता नुसता खुळखुळला.

इथं जरा समजावून सांगायला हवं. या पंपात नळकांड्या असतात, आणि त्यांत वरखाली होणारे दट्टे. दट्ट्याला चामड्याची वाटी बसवलेली असते. ती नळकांडीला घट्ट चिकटली तरच हवा पुढं ढकलली जाते. आमच्या गोदीतल्या दमट हवेत ती वाटी लोण्यासारखी मऊ राहते. वऱ्हाडच्या एका दिवसाच्या उन्हानं तिचा पापड झाला होता. अशा पंपाच्या भरवशावर पाण्यात उतरलो असतो, तर आईला बाळकृष्ण तांब्यातच ठेवावा लागला असता.

"अमरावतीले जा," एका हमालानं सांगितलं. "कापसाच्या जिनात रहीमभाई मिस्तरी हायेत. ते इंजिनाले बी बोलतं करतात."

टांग्यात पंप घालून अमरावतीला गेलो. गाव ऐसपैस, मोठे रस्ते, जागोजाग वकिलांच्या पाट्या, आणि कापसाच्या बाजाराकडे हवेतच तंतू तरंगत होते. माझ्या मिशीत कापूस अडकला तो दोन दिवस निघाला नाही. रहीमभाई जिनाच्या दारात विडी ओढत बसले होते. त्यांनी पंपाचं पोट उघडलं, वाटी हातात घेऊन मोडली, कटकन दोन तुकडे झाले.

"ये तो बिस्कूट झालं," ते म्हणाले. "पण काम काय करते हे, ते पयले सांगा. कळल्याबिगर मी हात नाई लावत."

मग मी भुईवर काडीनं रेघा मारून त्यांना सगळं सांगितलं. पंपातून हवा नळीनं टोपात जाते. टोपाला आत येणाऱ्या हवेसाठी एक झडप, ती आत उघडते, मागं उघडत नाही, म्हणजे नळी तुटली तरी हवा उलटी पळून जात नाही. उजव्या कानाशी दुसरी झडप, वापरलेली हवा बाहेर जायला. डोकं त्या बाजूला दाबलं की हवा भसकन बाहेर. हवा कोंडली तर पोशाख फुगून माणूस बेडकासारखा वर येतो. कमी पडली तर पाणी चहूकडून आवळतं. जितकं खोल जावं तितका पंप जोरात फिरवावा लागतो, कारण वरचं सगळं पाणी अंगावर बसलेलं असतं.

रहीमभाईंचे डोळे लखलखले. म्हशीच्या चामड्याच्या नव्या वाट्या त्यांनी कापल्या, तेलात भिजवल्या, लाकडावर ठोकून गोल केल्या. संध्याकाळी नळीचं टोक पाण्याच्या बादलीत धरून दांडा फिरवला, आणि बादली खळाखळा उकळल्यासारखी बुडबुडली. जिनातले सगळे कामगार जमले. रहीमभाईंनी मला घरी नेऊन ज्वारीची भाकर नि लाल मिरचीचा ठेचा वाढला. आमच्याकडची मिरची जिभेला लागते. ही कानाला लागली. निघताना म्हणाले, "वाट्या सुकू देऊ नका. ओल्या फडक्यात ठेवा, लेकरावानी." त्यांचे हात धरून मी कितीदा तरी आभार मानले.

बोरखेडच्या वाटेवर

अकोल्याहून लॉरीनं अकोटाच्या बाजूला, आणि पुढं बंडीनं. सगळी काळी जमीन, उन्हानं तडकलेली. एका भेगेत मी हात घातला तर कोपरापर्यंत गेला. लांबवर उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. झाड म्हणजे बाभूळ आणि मधूनच एखादा कडुनिंब.

वाटेत एका विहिरीवर थांबलो. बंडीवाला म्हणाला, "तोंड धुवा, पण पिऊ नका." मी मुद्दाम घोट घेतला. आणि हसायलाच लागलो. खारं पाणी. समुद्रापासून इतक्या कोसांवर, दगडी विहिरीत, आमच्या खाडीच्या चवीचं. या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच असं. आंघोळीला चालतं, गुरंही नाइलाजानं पितात. माणसानं प्यायलं तर पोट बिघडतं, वरण शिजत नाही, चहा फाटतो. म्हणून त्यांचा सगळा जीव त्या एका तलावात. पावसाचं साठलेलं गोडं पाणी तेवढंच. माझं हसू थोड्या वेळानं आपोआप थांबलं.

पाटलांच्या ओसरीवर पोचलो तर मामा खाटेवर आडवा, चेहरा उतरलेला. मला पाहून म्हणाला, "भिकू, विहीर बाधली रे. वाटोळं झालं पोटाचं."

झालं होतं असं. मामा आला तेव्हा पाटलीणबाईंनी त्याला पितळी तांब्यातून पाणी दिलं. मामाला तहान मोठी. दर वेळी बाईंना कशाला त्रास, म्हणून हा शहाणा उठून परसातल्या विहिरीवर गेला आणि पोटभर प्याला. खारं लागलं, तर म्हणे, घरच्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तो आणि तांब्या वेगळे झाले नव्हते.

आणि मग मला कळलं ते सांगतो, लाजच वाटली. तलावाचं पाणी घरटी दोन गुंड्या, म्हणजे दोन कळश्या, एवढंच मिळत होतं. पाटलांच्या घरात गोडं पाणी फक्त आम्हा दोघांसाठी ठेवलं होतं. घरातली माणसं चार दिवस विहिरीचंच, उकळून, ताकात मिसळून पीत होती. हे कोणी सांगितलं नाही. पाटलीणबाई सुनेला हळूच "पाव्हन्याच्या गुंडीले हात लावू नको," असं म्हणाल्या ते माझ्या कानावर पडलं. त्यानंतर तांब्या तोंडाला लावताना प्रत्येक घोट मोजून घेतला.

बाबाराव पाटील मला तलावावर घेऊन गेले. धिप्पाड माणूस, आवाज ढोलासारखा. तलावाच्या बंधाऱ्याला आतून दगडी पायऱ्या, आणि त्यांच्या तळाशी लोखंडी दार. बंधाऱ्यावरचं चाक फिरवलं की दार वरखाली होतं, आणि पाणी गावाच्या हौदात जातं. होळीच्या सुमाराला हौद भरायला दार उचललं, ते परत बसलंच नाही. वीतभर उघडं राहिलं. तेव्हापासून पाणी रात्रंदिवस हौदावरून सांडून नाल्यात चाललं होतं.

"रोज एक पायरी उघडी पडते," पाटील म्हणाले. प्रत्येक पायरीवर त्यांनी चुन्याची खूण केली होती. "दारावर आता चार पुरुष पानी हाये, चार मानसं एकावर एक उभी राह्यली तेवढं. मृगाले महिना-सव्वा महिना. तुमीच हिशेब करा."

"कोणी बुडी मारून पाहिली नाही?"

"पाह्यली ना. पोहनारे लय हायेत. पन दम पुरत नाई, आन दाराशी पानी ओढते. एकाचा हात आत गेला, मरता मरता वाचला. तवापासून मी बंदी केली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे पानी गेलं, तर गाव उठवा लागते. गुरं-ढोरं, लेकरं, सारे. कुठी जायाचं?"

मी पाण्याकडे पाहिलं. हिरवट, शांत, कुठं लाट नाही. असं पाणी मला कधी भेटलं नव्हतं आणि मला त्यात उतरायची इतकी घाई झाली, की तिथल्या तिथं सदरा काढला असता.

पहिली बुडी

सकाळी सगळं गाव बंधाऱ्यावर. पंप दगडावर पक्का बांधला. चाकांना दोन-दोन गडी. मामाची खाट लिंबाखाली, शेजारी तांब्या. तो म्हणाला, "पंपाचा आवाज मी इथनं ऐकतो. पण दोरी काय मला धरता येणार नाही. मधेच उठावं लागलं तर?" हे खरं होतं. दोरीचा माणूस मधे उठून चालत नाही.

"दोर मी धरतो," किसनराव पुढं आले. "चाळीस वर्सं मोट हाकलली. नाडा हातात असला का मोट कुठी हाये, भरली का रिकामी, सारं समजते मले."

मला ते पटलं. दोरीची भाषा मी शिकवली. वरून एक हिसका म्हणजे 'ठीक आहेस का', खालून एक म्हणजे 'ठीक'. दोन म्हणजे 'दोरी सैल सोड'. तीन म्हणजे 'चाक फिरवा, दार खाली घ्या'. चार म्हणजे 'वर ओढ'. किसनरावांनी बोटांवर मोजून दोनदा म्हणून दाखवलं.

मग मला सजवायला सुरुवात झाली. वैशाखातल्या उन्हात लोकरीचे कपडे, त्यावर रबरी पोशाख, मनगटं आवळलेली. खांद्यांवर तांब्याची गळपट्टी, पेच कसून. छातीवर नि पाठीवर शिशाचे गोटे, पायांत बूट. उभं राहिलो की माझं मलाच उचलवत नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी टोप चढवून फिरवला, काच लावली, आणि सगळं गाव गप्प झालं. कानात फक्त पंपाचा श्वास. रहीमभाईंच्या वाट्या चोख चालत होत्या.

पायरी पायरी करत उतरलो. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, आणि डोक्यावरून गेल्याबरोबर ते सगळं ओझं नाहीसं झालं. हे सुख मी कितीही लिहिलं तरी तुम्हाला कळायचं नाही. वर गाढवासारखा वाकलेला माणूस खाली पिसासारखा चालतो. दहाव्या-बाराव्या पायरीनंतर अंधार. हिरवा, मग तपकिरी, मग काहीच नाही. दाराचा आवाज मात्र येत होता, लांबून जातं फिरावं तसा. मी ओढीच्या एका अंगाला राहून गुडघे टेकले, हात पुढं केला, लोखंड लागलं. वाकून दाराखाली चाचपणार, तोच कंबरेला जबरदस्त हिसडा बसला आणि मी पाठीवर पडलो. मग फरफटत, पायऱ्यांवर आपटत, थेट वर.

काच उघडली तेव्हा मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. किसनराव घामानं भिजलेले. दोरी अजून खांद्यावर, दहा पावलं मागं गेलेले, बैलांसारखे.

"नाडा जड झाला," ते म्हणाले. "मले वाटलं, मोट भरली."

बंधाऱ्यावर असा हशा उसळला की पंपवाल्यांनी दांडे सोडले. पाटील ओरडले, "कावून बे किसना, मानूस हाये तो, मोट नाई." मामा खाटेवरून म्हणाला, "चांगलं झालं, ओतून दिला नाही पाटात." मलाही राग धरता आला नाही. मी गुडघे टेकल्यावर दोरी जड झाली, आणि चाळीस वर्षं जे हात करत आले ते त्यांनी केलं. पण किसनराव हसले नाहीत. "दुसरा गडी धरू दे दोर," पाटील म्हणाले, तर किसनरावांनी दोरी छातीशी धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी म्हटलं, "यांनाच धरू द्या. मला हेच हवेत."

दुसरी बुडी

ऊन उतरल्यावर पुन्हा गेलो. दोरीतून वरच्या माणसाचा हात कळतो. मामाचा हात कसा, सांगून ठेवल्यासारखा. सकाळी किसनरावांचाही पक्का होता. आता दोरी थरथरत होती, सारखी, आणि थोड्या थोड्या वेळानं एक हिसका: ठीक आहेस का. मी उत्तर दिलं की लगेच पुन्हा. म्हटलं, सकाळचं मनाला लागलंय म्हाताऱ्याच्या.

दाराशी बाजूनं बसलो. पहार दाराखाली घालून तिच्या अंगानं हात सरकवला, म्हणजे ओढीत हात गेलाच तर धरायला काही असावं. खाचेत काहीतरी गोल बसलं होतं. दगड. गुळगुळीत, ओशट. वरून बोटं फिरवली तर बोटांना मेणासारखा थर लागला, आणि मधोमध दोन लहान, थंड, गोल ठिकऱ्या. मी हात मागं घेतला, पुन्हा लावला. ते डोळे होते. चांदीचे. तो शेंदराचा थर होता.

खाली चार पुरुष पाण्यात, अंधारात, मी मारुतीच्या तोंडावर हात ठेवून बसलो होतो. लगेच आईचा तांब्या आठवला. इतक्या खोल हा देव वाहत आला नव्हता. कोणीतरी ठेवला होता. दोरी थरथरली, एक हिसका आला: ठीक आहेस का. आणि तेव्हा मला सगळं समजलं. खाली दिसतं का, चाचपावं लागतं का, हे अकोल्याला कोणी विचारलं होतं तेही.

पहारीनं दगड हलेना. मी दारालाच पाठ लावली, पाय पायरीला टेकले आणि रेटलं. घाम डोळ्यांत. डोकं दाबून हवा सोडली, पुन्हा रेटलं. तिसऱ्या रेट्याला दगड सुटला आणि ओढीबरोबर आत जाऊ लागला. मी दोन्ही हातांनी मिठी मारून तो मागं खेचला. माझा उजवा हात मनगटापर्यंत दाराखाली गेला होता, कातडं सोललं. काढला. दगड मांडीवर घेऊन तीन हिसके दिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग वर चाक कुरकुरलं ते पाण्यातून ऐकू आलं, दार खाली सरकलं, सरकलं, टेकलं. आणि आवाज थांबला. होळीपासून चाललेलं जातं थांबलं. मी टोपात एकटाच मोठ्यानं हसलो.

दगड कुठं ठेवायचा? वर नेला असता तर सगळ्या गावासमोर. मी तो दाराच्या वरच्या पायरीवर, कोपऱ्यात, घट्ट बसवला. मग चार हिसके दिले. किसनरावांनी मला हळूहळू, अंडं उचलावं तसं वर घेतलं.

नाल्यातलं पाणी आटत चाललं होतं. बायका धावत जाऊन पाहून येत होत्या. पाटलांनी मला ओल्या पोशाखासकट मिठी मारली आणि स्वतः भिजले. "काय होतं जी?" त्यांनी विचारलं.

किसनराव दोरीची गुंडाळी करत होते. हात थांबला.

"एक गोटा होता," मी म्हटलं. "खाचेत अडकलेला. बाजूला सारला."

त्या दिवशी पाटलांकडे आंब्याचा रस आणि सरगुंडे. गव्हाच्या पिठाचे काडीवर गुंडाळलेले, वाफवलेले असतात, रसात बुडवून खायचे. मी किती खाल्ले ते विचारू नका. मामानं दुरून वास घेतला.

परत

अकोल्याच्या वाटेवर बंडी किसनरावच हाकत होते. मामा मागं झोपलेला. गाव दिसेनासं झाल्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, "कोन्या पायरीवर ठेवला जी?"

"दाराच्या वरच्या. कोपऱ्यात. पाण्याकडे तोंड करून."

मग त्यांनी सांगितलं. वावराच्या बांधावरचा मारुती, आज्यानं बसवलेला. गेल्या साली मृग कोरडा गेला, तलाव तळाला गेला होता. कोणाला न सांगता त्यांनी देव नेऊन खालच्या पायरीवर पाण्यात ठेवला. पाऊस येईपर्यंत ठेवायचा, आला की काढायचा. पाऊस आला, पण असा आला की आठवड्यात तलाव भरला आणि देव खालीच राहिला. होळीला दार उचललं तेव्हा तो ओढीबरोबर त्याच्याखाली सरकला.

"त्यानं पाऊस देला, मी त्याले बाहेर नाई काढलं. मंग त्यानं दार अडवलं. बरोबरच हाये त्याचं. पन गावाले कसं सांगू? लेकरं खारं पानी पिऊन राहिले, आन मी रोज पायरी मोजून राहिलो." त्यांचा आवाज फाटला. मी त्यांना आईच्या तांब्याची गोष्ट सांगितली. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. "मी कोणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "पानी उतरलं का मीच काढीन गुपचूप," ते म्हणाले.

घरी आलो. आईनं बाळकृष्ण तांब्यातून काढला, पुसला, देव्हाऱ्यात ठेवला, आणि मगच माझ्या सोललेल्या हाताला हळद लावली.

आषाढात पोस्टकार्ड आलं. पाटलांच्या हातचं होतं:

"रा. रा. भिकाजीराव यांसी बाबाराव पाटलाचा रामराम. पाऊस लवकर लागला. तलाव सांडव्यावरून वाहतो आहे. अंतूमामांस सांगावे, आता गोडे पाणी हवे तितके प्यावे. तुम्ही म्हणाला तो गोटा किसनाचा मारुती होता, हे किसनाने स्वतः पारावर उभे राहून साऱ्या गावास सांगितले. गाव आधी भडकले. मग म्हातारा रडू लागला तेव्हा गप्प झाले. आता तो एक वेळच जेवतो. म्हणतो, पाऊस येऊनही देव दुसऱ्यांदा पाण्यात राहिला, हे बरे नव्हे. गावासही ते पटले आहे. दारावर सात पुरुष पाणी आहे, आमच्याच्याने होणे नाही. तरी पोशाख घेऊन यावे. देव वर आला की रोडग्यांचे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचे, जेवण आहे. दोर किसनाच धरणार. चार हिसके आल्याशिवाय ओढणार नाही, असे मारुतीची शपथ घेऊन सांगतो."

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा उठून पंपाच्या वाट्या ओल्या फडक्यात बांधायला लागला. आई देव्हाऱ्यापाशी गेली, बाळकृष्ण उचलला, आणि तांब्यात पाणी ओतलं.